ब्रशचं कडं

विस्कॉन्सिनमधल्या धनुष्यांच्या दुकानात माझ्या पुढे म्हातारा रॉस्को उभा होता. गल्ल्यावर त्याच्याच वयाची मार्ज.

“काय रे रॉस्को, नव्या धनुष्याला बाणाचा टेकू कुठला देऊ? बाण सुटताच त्याच्या वाटेतून खाली झुकणारा?”

“नको. ते ब्रशचं कडं दे, बाणाला चहूबाजूंनी धरणारं.”

“ते तर नवशिक्यांचं खेळणं! तूच म्हणायचास.”

“माझ्या भावाला म्हणायचो. एल्विनला ते काढायला मीच लावलं. मग हरीण समोर आलं, एल्विनचा हात थरथरला आणि बाण टेकूवरून घसरून खणकन वाजला. हरीण पळालं. मी खो खो हसलो.”

“म्हणून तो तुझ्याबरोबर शिकारीला येत नाही होय!”

“आता माझा हात थरथरतो, मार्ज.”

“शुक्रवारी येईल तो दुकानात. सांगू त्याला?”

“नको.”

“हसेल म्हणून?”

“हसणार नाही म्हणून.”