दोन बोटांची पेटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या डिझाइन ऑफिसचे मालक माननीय प्रफुल्लसर, व्यासपीठावरचे पाहुणे, सायखेड्याच्या पॅकहाऊसचे मॅनेजर शेखरराव, नाशिक रोडची आमची सगळी मंडळी, आणि खास गाडी करून आलेल्या पॅकिंगच्या बायांनो, तुम्हा सर्वांना साधना पगारेचा नमस्कार.

माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की मधेच मला वाटलं दुसऱ्याच कुणाचा निरोप समारंभ आहे. पण मी खोटा विनय करणार नाही. मला काम येतं. एकोणीस वर्षांपूर्वी प्रफुल्लसर म्हणाले होते, ताई, डिझाइन म्हणजे काय, नाव मोठं करायचं. आज तेच सर गिऱ्हाइकाला सांगतात, नाव लहान ठेवा, जरा मोकळी जागा सोडा. एवढं माझ्या हातून झालं, याचा मला अभिमान आहे.

मागच्या भिंतीवर, माझ्या जागी येणाऱ्या तेजलने माझे 'महिन्याचे कागद' लावलेत. नवीन मंडळींसाठी सांगते. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी एक कागद भिंतीवर लावायची. त्यावर तीन रकाने असायचे, काय पाहिलं, काय केलं, काय चुकलं. सटाण्याच्या बाजारात कांद्याच्या सालींचा ढीग पाहिला आणि त्या गुलाबीवरून एका मसाल्याचं पाकीट केलं, असलं काहीबाही. सुरुवातीला सगळे हसले. मग हळूहळू वाचायला लागले. तिसरा रकाना आधी वाचायचे, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या चुका वाचायला कुणाला आवडत नाही?

दोनशेहून जास्त कागद आहेत. त्यातला एक खोटा आहे, आणि मला त्याबद्दलच बोलायचंय.

निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, 'दोन बोटांच्या पेटीच्या जनक'. ती द्राक्षाची पेटी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. कोपऱ्यात एक बोट उमटलेली पेटी दुबईची, दोन बोटं उमटलेली युरोपची. तिला पुण्यात पारितोषिक मिळालं. पण तिच्या आधी मी दुसरी पेटी केली होती, ती कुणाला आठवते का? दोन्हीकडे जाणारी पेटी सारखीच हिरवी, सारख्याच मापाची, फरक काय तो एका इंग्रजी शब्दाचा, तोही बारीक अक्षरात. फार देखणी होती. मी तासभर तिच्याकडे बघत बसले होते. ती हातात कोण घेणार, हे मात्र मी कुणाला विचारलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, ऐन हंगामात, दुबईचा माल युरोपच्या पेट्यांत भरला गेला. चारशे पेट्या उघडून पुन्हा भराव्या लागल्या. त्या दिवशी मी नेमकी तिथेच होते, माझी पेटी कशी दिसते ते बघायला गेले होते. पॅकिंगच्या टेबलाच्या मुख्य होत्या फुलाबाई. त्यांना मराठी अक्षर येत नाही, इंग्रजी कुठून येणार? सगळ्या बायांसमोर त्यांना बोल लावला गेला आणि टेबलावरून काढून हातात झाडू दिला गेला. मी तिथे नमुन्याची पेटी घेऊन उभी होते आणि एक शब्द बोलले नाही.

शेखरराव, तेव्हा तुम्ही सुपरवायझर होतात. तुमच्यावर मी ठपका ठेवत नाही. तुम्हाला खरं ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं.

मी बाहेर निघाले तर फुलाबाई अंगण झाडत होत्या. त्या मला म्हणाल्या, "ताई, आमाला वाचता येत नाय. एकीवर एक बोट उठवा, दुसरीवर दोन. मंग नाय चुकायचं." पुढच्या हंगामात मी तेच केलं. पारितोषिक घेताना मी जे भाषण केलं, त्यात लोककलेची प्रेरणा होती, वारली चित्रं होती, सगळं होतं. फुलाबाई नव्हत्या. आणि त्या मार्चच्या कागदावर 'काय चुकलं' या रकान्यात मी लिहिलंय, 'अक्षर जरा बारीक झालं.'

मला लाज वाटते, हे स्पष्टच सांगते.

गेल्या रविवारी मी सायखेड्याला त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला तवाच ठावं व्हतं. तुमी येऊन सांगाल म्हून वाट पाहिली." मी म्हटलं, मी काय करू? पैशाचा विषय काढला, तर त्यांनी तो बाजूला सारला. म्हणाल्या, "ज्यांच्यादेखत मला झाडू दिला, त्यांच्यादेखत सांगा. बस."

म्हणून त्या दिवशी टेबलाशी असलेल्या सगळ्या बायांना मी आज आग्रहाने बोलावलं. शेखररावांना व्यासपीठावर बसवा, असंही मीच सुचवलं होतं. प्रफुल्लसर, क्षमा करा, तुम्हाला हे आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला प्रेमाने गप्प बसवलं असतं.

तर तिसऱ्या रांगेत बसलेल्या फुलाबाई, सगळ्यांदेखत सांगते. चारशे पेट्या तुमच्यामुळे चुकल्या नाहीत, माझ्यामुळे चुकल्या. आणि दोन बोटांची पेटी तुमची आहे, माझी नाही.

तेजल, भिंतीवरचा तो मार्चचा कागद काढू नकोस. त्याच्याशेजारी माझ्या हातातला हा कागद लाव, माझा शेवटचा. पुढच्या शनिवारपासून भिंत तुझी, आणि तिसरा रकाना खरा लिही.

आपण सर्वांनी इतक्या मायेने निरोप दिलात, मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झालं असेल तर आपण सांभाळून घ्यालच. न बोलण्यात जे झालं, त्याची माफी मात्र मी एकट्या फुलाबाईंकडे मागते. त्यांनी ती आजच द्यावी, असा माझा आग्रह नाही. मी बारा वर्षं लावली, त्यांनी हवा तेवढा वेळ घ्यावा.

नमस्कार.