मोगऱ्याचं पाणी

(पुणे, सहकारनगर. एप्रिल २००७, उन्हं कलल्यावर. गच्चीवर सासरे आणि सून.)

पूर्णिमा : बाबा, बादली खाली ठेवा ना, प्लीज. एवढं पाणी नकोय मोगऱ्याला.

यज्ञेश्वर : चार महिन्यांनी गच्चीवर आलो, तर हे स्वागत. वा.

पूर्णिमा : संध्याकाळी एक तांब्या पुरतो.

यज्ञेश्वर : व्हीआरएस घेतल्यापासून रोज दोन बादल्या घालत होतो मी. थंडी असो, ऊन असो. एक दिवस खाडा नाही. तेव्हा कुठे आज असा फुललाय.

पूर्णिमा : आधी किती फुलं यायची?

यज्ञेश्वर : पानं किती यायची ते विचार की. आणि आज बघ, फुलांनी पान दिसत नाहीये. संतोष असता तर कान धरून वर आणला असता. म्हटलं असतं, बघ, झाडाला तहानेनं मारून फुलं येत नसतात. वास घेतलास का?

पूर्णिमा : घेतला.

यज्ञेश्वर : मग?

पूर्णिमा : काही नाही. फुलं दिसतात, छान आहेत हेही कळतं. पुढे काही होत नाही. ऑफिसातही तेच. लॉगिन करते, काम होतं, घरी येते. अजून रडलेसुद्धा नाही मी नीट.

यज्ञेश्वर : माझं वेगळं काय आहे? ताट समोर येतं, जेवतो. परवा आमटीत मीठच नव्हतं म्हणे. तुझ्या सासूनं सांगितलं तेव्हा कळलं. पण आज हे बघून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? निदान मोगऱ्याच्या बाबतीत मी चुकलो नव्हतो. रोज दोन बादल्या घातल्यास ना? सांगून ठेवलं होतं मी.

पूर्णिमा : नाही घातल्या.

यज्ञेश्वर : बरं, एक?

पूर्णिमा : डिसेंबर-जानेवारीत थेंबभरसुद्धा नाही. फेब्रुवारीत सुरू केलं. संतोष म्हणायचा तसंच.

यज्ञेश्वर : म्हणजे तुलाही शिकवून गेला होता.

पूर्णिमा : शिकवलं नाही. त्याच्या मोबाइलवर रिमाइंडर येतात. मी चार्ज करून ठेवते तो. वाजला की वाचायचं आणि लिहिलंय तेवढं करायचं. डोकं चालत नव्हतं, बाबा. कोणीतरी काय करायचं ते सांगत होतं, एवढंच बरं वाटायचं.

यज्ञेश्वर : म्हणजे तो बरोबर होता.

पूर्णिमा : मोगऱ्याला थंडीत विश्रांती लागते. छाटायचं, पाणी तोडायचं. मग उन्हाळ्यात फुलतो.

यज्ञेश्वर : मला नको सांगूस. त्यानं सांगितलं होतं, इथेच उभं राहून. हातात कात्री होती त्याच्या. मी म्हणालो, तुझं कॉम्प्युटरचं शहाणपण कंपनीत ठेव. आठ दिवस बोललो नाही त्याच्याशी. सकाळी हेल्मेट घेऊन "येतो" म्हणाला, तर मी पेपर वर धरला. नवव्या दिवशी बायपासवरून फोन आला.

पूर्णिमा : माहितीये मला.

यज्ञेश्वर : रागावूनच गेला तो.

पूर्णिमा : नाही हो.

यज्ञेश्वर : तू मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. आवडत नाही मला.

पूर्णिमा : थांबा, वाचूनच दाखवते. तुमचं भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी लावलेत त्यानं हे. डिसेंबरचा असा आहे : "मोगरा, पाणी बंद. बाबा ओरडतील. ओरडू दे."

यज्ञेश्वर : नालायक.

पूर्णिमा : आणि हा फेब्रुवारीचा : "मोगरा, पाणी सुरू. शेणखत. पहिला तांब्या बाबांच्या हातून."

यज्ञेश्वर : परत वाच.

पूर्णिमा : "पहिला तांब्या बाबांच्या हातून."

यज्ञेश्वर : मग बोलावलं का नाहीस मला?

पूर्णिमा : बोलावलं होतं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. म्हणालात, वाळून गेलं असेल, टाकून दे. तांब्या भरून दाराशी उभी राहिले मी. हे वाचून दाखवायचा धीर नाही झाला. मग मीच येऊन घातलं. तेव्हापासून सांगायचं राहिलंय. तुमचा हक्क होता तो, मी घेतला.

यज्ञेश्वर : तू घातलंस म्हणून जगलं. माझ्या हाती असतं तर मी टाकूनच दिलं असतं.

पूर्णिमा : रागावलात?

यज्ञेश्वर : नाही. नक्की काय वाटतंय ते मलाही कळत नाहीये. पुढे काही लिहिलंय का?

पूर्णिमा : आता डिसेंबरलाच. पाणी बंद. दरवर्षी वाजेल असंच लावून ठेवलंय त्यानं.

यज्ञेश्वर : दरवर्षी?

पूर्णिमा : हो.

यज्ञेश्वर : वाजलं की मला हाक मार. उठेन मी.