आज मोजतील का?

फिजिओथेरपीच्या बाकावर माझ्या शेजारी एक सासूबाई बसल्या होत्या. सून तपासून घेऊन बाहेर आली.

"काय म्हणाल्या डॉक्टरबाई?"

"ओटीपोटाखालच्या स्नायूंची ताकद वाढलीय, आई. आत छोटी नळी ठेवतात, लघवी अडवल्यासारखं आवळायचं, की पडद्यावर आकडा येतो. बाळंतपणानंतर बारा होता, आज एकतीस."

"मग आता खोकताना थेंब..."

"नाही जात. काल बाळाला घेऊन जिना चढले, कोरडी राहिले."

"दुखतं का गं?"

"नाही. का?"

"तीस वर्षं फडकं ठेवतेय. बहिणीकडे बसने जायचं सोडलं ते त्यामुळेच."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला बोलणार? माझ्या वयात हे बरं होतं का?"

"माझ्याआधी सत्तरीच्या आजी होत्या. त्यांना पुष्कळ फरक पडलाय."

"मग ही पिशवी धर. आज मोजतील का, मीच विचारते."