पोत्याच्या तळाचा वारा

...आणि वर मलाच विचारतात, "नाना, ओरडलात कशाला?" आता तुम्हीच सांगा, माणसाला पेटाऱ्यात कोंडायचं, वरून झाकण लावायचं, खालून गदागदा हलवायचं, आणि त्यानं ओरडायचं नाही? मग काय भजन म्हणायचं? आणि तुम्हाला सांगतो, विमान जमिनीवरच होतं! फरशीला बोल्टांनी आवळलेलं! वीतभरसुद्धा उडालं नाही, आणि माझी अब्रू मात्र... जाऊ द्या, पहिल्यापासून सांगतो.

बांगलादेशाच्या लढाईच्या आदल्या वर्षीचं हे. भोरात आमचं गूळ-शेंगदाण्याचं दुकान, आणि घरात लेक रतन लग्नाची. स्थळं दोन. एक सारोळ्याचं, बागायती, घरचा ऊस. आमच्या सगुणाबाईंनी ते मनातल्या मनात पक्कं करून हळदसुद्धा दळून ठेवली होती. दुसरा किकवीचा सावळाराम, पुण्याकडं विमान शिकवायच्या एका शाळेत मास्तर. विमान म्हटल्यावर सगुणाबाई तापल्या. "वाऱ्यावर पोट भरणाऱ्याला म्या लेक द्यायची न्हाई! उद्या वरनं पडला म्हंजी?"

सावळारामाचे मामा कोंडिबा. हे बाजारात माल वजन करणारे तोलणार, आमची रोजची गाठ. माझ्या तोंडून "दिला" निघालं की कोंडिबा पोतं काट्यावर चढवणार; मग घटकाभरात भाव दुप्पट होवो, माल मागं फिरत नाही. एवढीच काय ती माझी पत. तर कोंडिबा म्हणाले, "वैनी, आवो त्याचं इमान उडतच न्हाई! जमिनीवरचं हाय. पोरं आधी त्यात शिकत्यात, मग खऱ्यात बसत्यात."

"उडत न्हाई? मग पगार कशाचा घेतो?"

कोंडिबांनी माझ्याकडं बघितलं. मी पानाचा डबा उघडला.

शेवटी ठरलं, की मी जायचं, विमान बघायचं, चहा घ्यायचा आणि गोडीत नकार देऊन परत यायचं. रतन काही बोलली नाही. भाकरी बांधून देताना एवढंच म्हणाली, "नाना, वरवर नका बघू हं. नीट पारखा." मला वाटलं, पोरगी धंदा शिकली!

गेलो. कोंडिबा बरोबर होतेच. बघतो तर काय... लोहाराच्या भात्यासारखे चामड्याचे भाते, त्यांच्यावर ठेवलेलं बुटकं निळं विमान, पंख पोळपाटाएवढे. जत्रेतल्या पाळण्यातून पळून आल्यासारखं! शेजारी टेबल, त्यावर घड्याळं आणि किल्ल्या. सावळाराम लई अदबीचा. "नाना, ह्या किल्लीनं वारा कुठून यायचा ते ठरतं, हिनं त्याचा जोर, आणि हिनं झटके. बसून बघता? हलका लावतो."

हलका! इथं माझ्यातला व्यापारी जागा झाला. पोत्याच्या तोंडाशी निवडक दाणा आणि तळाला खडे, हे मी आयुष्यभर बघितलंय. कोपरापर्यंत हात घालून तळाचा दाणा काढल्याशिवाय मी सौदा करत नाही. म्हटलं, "नमुन्याचा नको, तळाचा दाखवा! आम्ही तोरण्याखालची माणसं. आषाढात वेल्ह्याला घरावरचे पत्रे उडताना बघितलेत." सावळारामानं मामाकडं बघितलं. मामांनी मान डोलवली. हे मी बघितलं हो! बघूनही आत बसलो.

झाकण बंद. अंधार. समोर भुतासारखे हिरवे चमकणारे काटे, कानाला यंत्र, तोंडाशी यंत्र. कानात सावळाराम, "नाना, हे उंचीचं घड्याळ. काटा सावकाश शून्यावर आणायचा, की विमान टेकलं. फक्त वेग पडू द्यायचा नाही."

आधी सगळं लोण्यासारखं. म्हटलं, ह्याचा पगार घेतात? आणि मग वारा आला... आला कसला, अंगावरच पडला! डावा पंख वर, मी उजवीकडं, टोपी कुठं कुणास ठाऊक. "झटका आहे नाना, दांडी डावीकडं." मी बैलाचा कासरा ओढावा तशी ओढली. विमान डावीकडं आडवं! सरळ करतोय तोवर दुसरा झटका. काटा भराभरा खाली. खाली भाते धापा टाकतायत, वर मी. "वेग पडतोय नाना. नाक खाली करा." नाक खाली? जमीन तोंडावर आली आणि नाक खाली? कुणी जाणूनबुजून जमिनीत नाक खुपसतं का? मी जीव खाऊन वर ओढलं. विमान थरथरलं, थबकलं... आणि कलंडून गरागरा! तुम्हाला सांगतो, विमान जमिनीवरच होतं, पण त्या घटकेला हे मला कोण सांगणार? मला खाली नीरेचं पात्र दिसत होतं, खडकांसकट!

"आई मेंगाई! सावळाराम, बाळा, उतरव रे खाली! रतन दिली! तुला दिली!"

वारा थांबला. भाते बसले. झाकण उघडलं. बाहेर कोंडिबा, कानाला दुसरं यंत्र लावून, डोळे मिटून, कीर्तन ऐकावं तसे उभे.

"दिली म्हनालात, नाना."

"कोंडिबा, अहो ते वाऱ्यात..."

"बाजारात तुमी दिला म्हनून माल मागं घेतल्याला म्या तरी बघितला न्हाई."

तेवढ्यात सावळाराम म्हणाला, "मामा, राहू द्या. नाना घाबरले होते. असा शब्द धरायचा नसतो." आणि मला धरून खाली उतरवलं, टोपी झटकून हातात दिली. हसला नाही हो! मी आत बोंबलत होतो, पडत होतो, पण ह्या माणसाचा आवाज एकदाही चढला नव्हता. मी विमानाच्या पोत्यात हात घातला, आणि तळाचा दाणा ह्याचाच वर आला. खडा एक नाही. आता व्यापाऱ्यानं काय करावं? म्हटलं, "कोंडिबा, चढवा काट्यावर."

घरी आलो. रतन दारातच. माझं तोंड बघितलं आणि हसू लपवायला आत पळाली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की "वरवर नका बघू" हे कुठल्या धंद्यातलं होतं. पोरीनं सावळाराम आधीच पारखला होता!

सगुणाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "इमान जमिनीवरच व्हतं ना?"

"जमिनीवरच."

"वीतभर बी उडालं न्हाई?"

"नाही."

"मग तुमी पडला कुठनं?"

ह्याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाला सुचलं, तर कृपा करून दुकानावर येऊन सांगा. फक्त मागच्या दारानं या... पुढच्या दारात त्या बसलेल्या असतात.