आबांना हवी ती रेघ

बीडच्या बसस्थानकात रोहिणी गेवराईच्या गाडीची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर सायकलच्या शर्यतीत उतरणारी शिवकन्या आपल्या मेंढपाळ आजोबांना मोबाइलवर दोन यंत्रांचे फोटो दाखवत होती. घ्यायचं एकच होतं.

“आबा, हे सायकलीला बसवायचं. रंगीत नकाशावर वाट दाखवतं.”

“तलवाड्यामागचा झरा दाखवतं का?”

“झरा न्हाई. रस्ते दाखवतं.”

“रस्ते मला ठाऊक हायेत. अन् हे दुसरं?”

“त्यात नकाशा न्हाई. आपुन जिथून जाऊ तिथली निस्ती रेघ काढतं, थांबलो तिथं ठिपका.”

“बंद केल्यावर रेघ पुसती?”

“न्हाई, राहती. दुसऱ्याच्या मोबाइलवर बी पाठवता येती.”

“नाथाच्या बी?”

“काकाच्या बी. कावून?”

गेवराईची गाडी लागली, पण उत्तर ऐकल्याशिवाय रोहिणीचा पाय निघेना.

“मग दुसरंच घे. दिवाळीनंतर मेंढरं चारायला निघतील, तवा सायकल घेऊन माझ्यासंगं ये. जिथं जिथं पाणी हाय, तिथं थांबवीन तुला. माझ्यामागं मेंढरं नाथालाच न्यायचीत.”

“मेंढरांच्या चालीनं सायकल चालवू? पडन की, आबा.”

“पडलीस तर ती जागा बी राहील त्यात. औंदा गुडघं चालायलेत, तवर उरकून घेऊ.”