झाडाखालची विहीर

नाही, ते बर्फात गाडलेला माणूस शोधायचं यंत्र बघितलं मी — नवं कोरं आहे, सिग्नल उत्तम देतं, तुमच्या मेव्हण्याकडेही तसंच आहे म्हणता — पण मी ते विचारलंच नव्हतं. मी विचारलं, जंगलातून उतरताना तुम्ही दोघं एकमेकांना दिसत राहणार का? ... ‘खाली रस्त्यावर भेटू.’ हे बघा. हेच. दर शनिवारी कुणीतरी याच काउंटरला टेकून मला हे ऐकवतं, आणि मला वाटतं, भाड्याच्या स्की सगळ्या परत आत टाकाव्यात आणि दुकानाला कुलूप ठोकावं.

बर्फाचा कडा कोसळतो, त्याबद्दल नाही बोलत मी. त्याला सगळे घाबरतात, सकाळी मोबाईलवर अंदाज वाचतात, आणि आज धोका कमी म्हणून खुशाल झाडीत शिरतात. मी झाडांबद्दल बोलतेय — साधी, उभी झाडं. तुमच्या कॅलगरीत कुठली असायला? इथल्या हेमलॉकच्या खालच्या फांद्या छत्रीसारख्या पसरतात, बर्फ त्यांच्यावर अडतो, आणि बुंध्याभोवती उरतो नुसता भुसभुशीत खड्डा — आम्ही विहीर म्हणतो — माणूसभर खोल, आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्यात माणूस जातो डोकं खाली, पाय वर. स्की फांद्यांत अडकतात, आणि जितकी धडपड करावी तितका वरचा बर्फ तोंडात. स्वतःचं स्वतः बाहेर? — विसरा. तुम्ही व्यायाम करत असाल हो, दंड दिसतायत — माझी ताशाही करायची.

ताशा माझी मुलगी. हा विषय काढायचा नव्हता मला, पण तुम्ही काढलात — बरं, मीच काढला. ताशा याच डोंगरावर वाढलेली, आणि ग्रेडी, तिचा होणारा नवरा, तोही इथलाच. दोघांकडे यंत्रं, दोघांकडे फावडी, दोघांनी बचावाचं शिक्षण घेतलेलं. ताजा बर्फ पडलेला, तो पुढे, ती मागे. ठरलं काय? खाली रस्त्यावर भेटू. तो उतरला, स्की काढल्या, थर्मास उघडला आणि वाट बघत बसला. वाईट माणूस नाही तो, हेच तर माझं दुखणं — वाईट असता तर मनसोक्त शिव्या तरी दिल्या असत्या. चहा पीत बसला, आणि वर माझी पोर उलटी अडकलेली. आणि कळलं असतं तरी काय करणार होता? कमरेएवढ्या बर्फातून तो वर चढेपर्यंत तिचा श्वास थांबून राहणार होता थोडाच?

मागून ओडेट येत होती — क्यूबेकची, उन्हाळ्यात झाडं लावायला येते आणि हिवाळाभर इथेच राहते. तिला फांद्यांमधून एक स्की दिसली, न हलणारी. तिने पाय धरून ओढलं नाही — लोक तेच करतात, ओढतात, वरून उकरतात, आणि उरलासुरला बर्फ आत लोटतात. तिने डोकं कुठे असेल याचा अंदाज घेतला आणि उताराच्या बाजूने आडवं खणत गेली, थेट तोंडापर्यंत. ओठ निळे. बोट घालून बर्फ काढला, तोंडाने श्वास दिला, आणि मग — मग माझी पोर खोकली. ... पाणी नको, ठीक आहे मी. मग ओडेटने तिला धरून सावकाश खाली आणलं. आणि ग्रेडी लांबूनच म्हणाला, "किती वेळ लावलास?"

बस, एवढंच म्हणाला. बिचाऱ्याला काय ठाऊक. पण पुढे लग्न मोडलं — कुणी मोडलं, मला आजवर कळलेलं नाही — आणि ती समुद्रकाठी राहायला गेली, जिथे बर्फ पडलाच तर दुपारपर्यंत वितळतो. म्हणजे मुलगी वाचली, आणि तरी गेलीच. आणि हा ग्रेडी मात्र इथेच. दर शनिवारी माझ्या मागच्या अंगणात येतो, जुने कपडे भरलेलं बाहुलं झाडाखाली उलटं पुरतो, आणि येईल त्याला खणायला शिकवतो. येतं कोण? कुणी नाही. सगळ्यांना घाई. मग स्वतःच पुरतो, स्वतःच काढतो, आणि मी खिडकीतून बघते. बोलत नाही मी त्याच्याशी. बोर्श्टचा वाडगा पायरीवर ठेवते — बीटाचं गरम सूप, दुसरं काय — तो वाडगा धुऊन परत ठेवतो. आणि ताशा फोन कुणाला करते? त्याला. मला सांगते, आई, बरी आहे, इकडे पाऊस आहे. त्याच्याशी हसते. गेल्या शनिवारी खणता खणता त्याने फोन स्पीकरवर ठेवला होता, मला आत ऐकू आलं. इतक्या दिवसांत तिचं ते हसणं मी —

मान काय डोलवताय? मेव्हण्याला गाडीतून उतरवा आणि दोघं मागच्या दाराने अंगणात जा, आज शनिवार, ग्रेडी असेलच. आधी खणायला शिका, स्की नंतर. कुणी पाठवलं विचारलं त्याने, तर सांगा, बाहेरची पाटी वाचली. ... नाही, पाटी नाहीये कुठे. तरी तेच सांगा. जा आता, आणि दार ओढून घ्या, सगळी ऊब बाहेर चाललीय.