शिशाचं बूच

(कॉर्नवॉल. सप्टेंबरातला रविवार, दुपारचे बारा वाजून गेलेत. मेळाव्याच्या मैदानात टॅमसिन नावाचं शंभरी ओलांडलेलं वाफेचं इंजिन धुमसत उभं आहे. त्यापुढं हेडली आणि त्याची बायको लव्हडे. हेडलीच्या गळ्यात लाल फितीला काहीतरी लोंबतंय.)

हेडली : ...म्हणून म्हणतो, मफलर.

लव्हडे : सप्टेंबरात? पेटत्या भट्टीसमोर?

हेडली : घसा बसलाय म्हणायचं. मफलरखाली फीत झाकेल, फितीबरोबर बूच झाकेल आणि बुचाबरोबर माझी अब्रू.

लव्हडे : अब्रू काल तीन वाजताच लाउडस्पीकरवरून गेली. दोनदा गेली. पहिल्यांदा तुझं आडनाव चुकवलं म्हणून पुन्हा पुकारलं.

हेडली : दुसऱ्यांदा बरोबर पुकारा म्हणून मीच जाऊन सांगितलं होतं. तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. पण तुझे बाबा काल इथं नव्हते, आणि ते फोन उचलत नाहीत. फक्त तास-दीड तासाचा प्रश्न आहे. एकला ते येणार, दोनला सगळी इंजिनं मैदानाला फेरी मारणार आणि त्यानंतर ते सांगणार, टॅमसिन आपल्याकडं राहणार की तुझ्या चुलतभावाकडं जाणार.

लव्हडे : अ‍ॅम्ब्रोजकडं गालिचा आहे.

हेडली : इंजिनाच्या शेडमध्ये गालिचा! मागच्या वेळी त्यानं मला बूट काढायला लावले. मोज्याला भोक होतं. इंजिनासमोर इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. म्हणजे, कालपर्यंत.

लव्हडे : तो तिला पेटवणार नाही, हेडली. भोवती दोरी बांधेल आणि रविवारी पुसेल. मी सहा वर्षांची असल्यापासून तिचं पितळ घासतेय. ती कुणाच्या तरी गालिच्यावर थंडगार बसलीय, हे मला बघवायचं नाही. बाबांनी कमरेचं ऑपरेशन झाल्यावर एक हंगाम दिला आपल्याला. एकच. आज तो संपतोय.

हेडली : हंगाम तसा काही वाईट नव्हता.

लव्हडे : मे महिन्यात पहिल्याच मेळाव्याला चिखलात रुतलास.

हेडली : रुतलो नाही. टेकलो.

लव्हडे : पाद्रीबाबांनी ट्रॅक्टर लावून ओढलं. डिझेलचा ट्रॅक्टर. लोक टोप्या काढून उभे होते, जशी काही अंत्ययात्रा चाललीय.

हेडली : जून चांगला गेला.

लव्हडे : जूनमध्ये गावच्या तळ्यातलं पाणी भरलंस आणि नळीत बेडकाची पिल्लं अडकली.

हेडली : सगळी जिवंत निघाली! एकूण एकोणीस. मी स्वतः मोजून परत सोडली. जुलैबद्दल मात्र बोलू नकोस.

लव्हडे : जुलैमध्ये हुतात्म्यांसाठी एक मिनिट शांतता चालली होती आणि तुझं कोपर शिट्टीच्या दोरीवर पडलं.

हेडली : पहिल्या पंचावन्न सेकंदांचं कुणी कौतुक करत नाही.

लव्हडे : बरं, बाबांना काय सांगणार? म्हणून दाखव. मी बाबा.

हेडली : बाबा, तपासनिसांनी बूच बदलायला लावलं. खबरदारी म्हणून.

लव्हडे : का?

हेडली : खबरदारी म्हणून.

लव्हडे : आणि भट्टी विझली ती?

हेडली : तिनंही घेतली. खबरदारी.

लव्हडे : बाबा तुला त्याच भट्टीत घालतील.

हेडली : तिथं मी मावत नाही, हे आज पहाटे सिद्ध झालंय. छातीपर्यंत आत गेलो, पुढं जाईना, मागं येईना. पाय बाहेर. अर्धा तास. शेजारच्या तंबूतून उठून आलेली एक बाई नवऱ्याला विचारत होती, हा खराखुरा माणूस आहे की नुसते बूट मांडलेत?

लव्हडे : शेवटी पाद्रीबाबांनीच ओढलं.

हेडली : त्या माणसाला देवानं माझ्यासाठीच जन्माला घातलंय. ओढताना म्हणाले, मे महिन्यापेक्षा सोपं गेलं.

लव्हडे : हेडली, एकदा मला सरळ सांग. काल नेमकं झालं काय? मी बनपाव आणायला गेले, वीस मिनिटांत आले, तर सगळीकडं वाफ आणि तू टोपीनं वारा घालतोयस. तेव्हापासून तू फक्त विनोद करतोयस.

हेडली : सांगतो. एक कुटुंब आलं. त्यातल्या गृहस्थानं विचारलं, या इंजिनात सगळ्यात धोक्याचं काय? आता असं बघ, मी क्लबचा सुरक्षा-अधिकारी. हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून मी चार वर्षं वाट बघतोय. माझ्याकडं छापील पत्रकं होती.

लव्हडे : ती मलाही दिली होतीस. लग्नाच्या वाढदिवसाला.

हेडली : तर मी म्हटलं, साहेब, धोका एकच. भट्टीच्या माथ्यावर सतत पाणी पाहिजे. पाणी सरकलं की माथ्याचा पत्रा तापतो आणि मग सगळं आकाशात. म्हणून त्या पत्र्यात शिशाचं बूच बसवलेलं असतं. पाणी सरकलं तर आधी शिसं वितळतं, वाफ खाली भट्टीवर पडते, आग विझते, माणसं वाचतात. पण ज्याच्या हातून ते वितळलं, त्यानं मेळावा संपेपर्यंत ते गळ्यात घालून फिरायचं. म्हणून शहाणा माणूस इंजिन कधी उताराला तोंड करून उभं करत नाही, कारण पाणी पुढं धावतं आणि मागचा माथा उघडा पडतो. आणि शहाणा माणूस पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवरची नजर काढत नाही.

लव्हडे : आणि टॅमसिन?

हेडली : उताराला तोंड करून.

लव्हडे : आणि काच?

हेडली : तिला मी पाठ टेकली होती. ऊबदार होती. गृहस्थ म्हणाले, तुमच्या मागं काहीतरी फुसफुसतंय. मी म्हटलं, प्रश्न शेवटी घेऊ.

लव्हडे : शेवटी घेऊ!

हेडली : हस. हसून घे. तुला हसायचंय, आणि बाबा आल्यावर हसता येणार नाही.

लव्हडे : मी हसत नाहीये. पुढं काय झालं?

हेडली : त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, प्रात्यक्षिक.

लव्हडे : गप. गाडी आली. पाद्रीबाबांचीच आहे. बाबांना उतरवतायत.

हेडली : मफलर! मफलर दे! या, या बाबा, सांभाळून. काठी इकडं.

वेस्ली : काठी माझ्याजवळच राहू दे, जावईबापू. थंडी वाजतेय का?

हेडली : घसा. जरा बसलाय.

वेस्ली : देवाची कृपा. लव्हडे, दाब किती?

लव्हडे : नव्वद, बाबा.

वेस्ली : नव्वद? दोनच्या फेरीला या वेळी हिच्यात एकशे वीस असतो. नऊनंतर पेटवलीत हिला. रात्रभर ऊब धरून ठेवली असती तर सात वाजताच तयार झाली असती. थंड का झाली?

हेडली : बाबा, त्याचं असं झालं, तपासनीस आले होते, आणि खबरदारी म्हणून...

वेस्ली : म्हणून?

हेडली : म्हणून... नाही जमत मला, लव्हडे. मी बूच घालवलं, बाबा. काल तीन वाजता. हे बघा, मफलर काढतो. उताराला तोंड होतं, काचेला पाठ होती, आणि मी सुरक्षेवर भाषण देत होतो. यात हिची काही चूक नाही. ही बनपाव आणायला गेली होती.

वेस्ली : भाषण चांगलं झालं?

हेडली : लोकांना आवडलं.

वेस्ली : ठीक. मग ऐका दोघं. अ‍ॅम्ब्रोजचं पत्र माझ्या खिशात आहे. मंगळवारी ट्रेलर घेऊन येतो म्हणतो. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. आता म्हणायला माझी काही हरकत नाही.

लव्हडे : बाबा.

वेस्ली : गालिच्यावर का असेना, माथा तरी शाबूत राहील तिचा. बूच कुणी बसवलं? तपासनिसानं?

लव्हडे : तपासनीस आठला आले. त्यांनी बघितलं, सही केली. बसवलं मी. पहाटे पाचला.

वेस्ली : बाहेरून?

लव्हडे : बाहेरून कसं बसेल? जाळी काढली, राखेच्या पेटीखालून आत शिरले, पाठीवर पडले. दिवा दातात धरला.

हेडली : तिच्या आधी मी प्रयत्न केला होता, बाबा. नोंद असावी म्हणून सांगतो.

वेस्ली : तू बोलू नकोस, घसा बसलाय तुझा. माथा कसा आहे?

लव्हडे : सरळ. कुठं फुगलेला नाही. आधी डोळ्यांनी पाहिला, मग सबंध पत्र्यावर हात फिरवला, एकेका खिळ्यावरून. डावीकडून पाचवा जरा ओला वाटला, पुसून तासभर वाट बघितली, पुन्हा ओल आली नाही. आणि तिसऱ्या खिळ्याच्या डोक्यावर एक खाच आहे. चंद्रकोरीसारखी. जुनी आहे, गंजाखाली गेलीय.

वेस्ली : ती कुणी सांगितली तुला?

लव्हडे : कुणी नाही. हाताला लागली.

वेस्ली : माझा हातोडा निसटला होता तिथं. एकोणसत्तर साली. तू तेव्हा पाळण्यात होतीस.

हेडली : बाबा, बसता का? खुर्ची आणू?

वेस्ली : नको. अ‍ॅम्ब्रोजला मी परवा विचारलं, भट्टीच्या आत कधी गेलास का रे? म्हणाला, काका, आत बघण्यासारखं काय असतं?

लव्हडे : मग पत्राचं काय करणार?

वेस्ली : पत्र पातळ आहे. पेट घ्यायला बरं. दार उघड भट्टीचं.

हेडली : मी उघडतो!

वेस्ली : तू कशाला हात लावू नकोस. फीत त्याच्या गळ्यात आहे, म्हणजे रिवाजाप्रमाणं पुढच्या मे महिन्यापर्यंत वाफेच्या दांड्याला त्याचा हात लागायचा नाही. मग आज चालवणार कोण?

लव्हडे : मी.

वेस्ली : आपल्या घरात बायकांनी कधी दांडा धरलेला नाही.

लव्हडे : आपल्या घरात आजवर कुणाचे पाय भट्टीबाहेर लोंबले नव्हते. तेही झालं.

हेडली : याचीही नोंद असावी.

वेस्ली : आणि चाक? चाक हा वळवणार?

लव्हडे : दुसरं आहे कोण? वळवायला नेहमी दुसरा माणूस लागतो.

वेस्ली : हेडली, इकडं ये. खाली वाक. अजून. खांदा दे.

हेडली : बाबा, तुमची कंबर! डॉक्टरांनी काय सांगितलंय? सुरक्षा-अधिकारी या नात्यानं मला हे...

वेस्ली : पायरीनं बोलायचं नसतं. हलू नको. दुसरा पाय. हं. चढलो.

हेडली : आणि मी कुठं बसू? वर दोघांचीच जागा आहे.

वेस्ली : तू पुढं चालायचं. लाल निशाण घेऊन. जुन्या कायद्यात होतं तसं, लोकांना सावध करत.

हेडली : म्हणजे बारा टनांच्या पुढं मी. दांड्यावर माझी बायको, चाकावर माझे सासरे. आणि दोघांना कालचं सगळं माहीत.

लव्हडे : ताशी तीन मैलांनी येणार आहोत. तू धावू शकतोस.

हेडली : एखाद्यानं विचारलं, पुढं का चालतोय, तर काय सांगू?

वेस्ली : पत्रकं आहेत ना तुझ्याकडं? वाट.

हेडली : तशी शंभरेक उरलीत. अहो खरंच, ही चांगली कल्पना आहे. थांबा, लव्हडे, पिशवी कुठं ठेवलीस? निळी!

लव्हडे : गेला. बाबा, दाब एकशे दहा. नीट बसलात का?

वेस्ली : बसलो. पन्नास वर्षं त्या बाजूला उभा होतो. इकडच्या माणसानं काय करायचं असतं, याचा कधी विचारच केला नाही.

लव्हडे : मी सांगेन तिकडं वळवायचं.

वेस्ली : आणि तुझं चुकतंय असं वाटलं तर?

लव्हडे : तुमच्या शेजारी मी बावीस वर्षं त्या चाकावर होते, बाबा. अनेकदा वाटलं.

वेस्ली : बोलली नाहीस कधी.

लव्हडे : नाही.

वेस्ली : बरं. सांग, कुठं वळवू?